तीन सेंटिमीटरचा हिशेब: गोव्यातल्या एका स्पोर्ट्स कारच्या स्प्रिंग आणि शॉकअपचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडीचं मॉडेल लिहीत नाही. लिहिलं तर बार्देशातल्या निम्म्या लोकांना मालक कोण ते कळेल, इतक्या मोजक्या या गाड्या इथे आहेत. एवढं सांगतो: दोन आसनी, कापडी छताची, इंजिन सीटच्या मागे, चारही चाकांना मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि तिचं डोलणं आवरणारा शॉकअप एकाच खांबात), वजन साधारण १,३३० किलो. ज्यांना ओळखायची ते ओळखतील.

मालक म्हापशातले दंतवैद्य. मुंबईच्या एका गृहस्थाकडून त्यांनी ती आठ वर्षांची असताना घेतली. माझ्याकडे प्रकरण आलं तेव्हा अकरा वर्षं आणि ६२,००० किलोमीटर झाले होते. गाडी तीन कामांना लागते. रविवारी पहाटे अस्नोडा, डिचोली, साखळी, केरीवरून चोर्ला घाट. महिन्यातून एकदा आईला घेऊन मंगेशी आणि म्हार्दोळ. आणि जमेल तेव्हा जुन्या गोव्याहून फेरीबोटीने दिवाडी बेटावर, मूळच्या घरी. ही तिसरी फेरी पुढे महत्त्वाची ठरते, म्हणून लक्षात ठेवा.

मी एका तंत्रशाळेत वाहनविद्या शिकवायचो, आता निवृत्त आहे. गाडी ज्या गॅरेजमध्ये जाते तिथला मेस्त माझाच जुना विद्यार्थी. त्याने फोन केला: "सर, दोतोर गाडयेक कॉइलओव्हर घालूंक सोदता. तुमी एकदां पळयात." डॉक्टरांना कॉइलओव्हर, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअपचा नवा एकत्र संच, घालायचा होता आणि मी एकदा पाहावं असं म्हणणं. म्हणजे निर्णय जवळपास झालेलाच होता. मला बोलावलं होतं होकार द्यायला.

तक्रार

डॉक्टरांच्या शब्दांत, "गाडी ढिली झाली आहे." पांढऱ्या पट्ट्यांच्या रंबलरवर स्टिअरिंग थरथरतं. पणजीच्या अटल सेतूच्या सांध्यांवर मागून धाडकन आवाज येतो. सगळ्यात भीतीदायक म्हणजे चोर्ल्यात वळणाच्या मधोमध रस्त्याला ठिगळ असलं की गाडीचं मागचं अंग बाजूला सरकतं. "उडी मारते आणि पडते ती दुसऱ्याच जागी." शिवाय मागचे टायर आतल्या कडेने खाल्ले गेलेले, आणि ओहोटीला फेरीबोटीत चढताना बंपरखालचा पुढचा ओठ प्रत्येक वेळी खरवडतो.

आईंचं मत वेगळं होतं. त्यांच्या दृष्टीने गाडी अजिबात ढिली नव्हती, दगड होती. मंगेशीहून परत आल्यावर दोन दिवस कंबर शेकावी लागते, असं त्या म्हणाल्या.

एकाच गाडीत बसलेली दोन माणसं, एक म्हणतो ढिली, दुसरी म्हणते दगड. वर्गात मी मुलांना सांगायचो की दोन तक्रारी एकमेकींच्या विरुद्ध वाटल्या तर दोन्ही खऱ्या धरून चालायचं. इथे तेच करायचं ठरवलं.

डॉक्टरांची योजना सरळ होती. उंची बदलता येणारा कॉइलओव्हरचा संच मागवायचा, गाडी आणखी २० मिलिमीटर खाली घ्यायची, कडक स्प्रिंग घालायची. ढिलेपणा जाईल आणि दिसेलही छान.

पहिला निर्णय: आधी मागवायचं की आधी मोजायचं

मेस्तने सवयीप्रमाणे गाडीचा एकेक कोपरा दाबून सोडला. तीन कोपरे एकदा वर येऊन थांबले, मागचा डावा दीड वेळा हलला. "शॉकअप गेल्यात, बाब," त्याने डॉक्टरांना सांगितलं. मागच्या डाव्या शॉकअपवर तेलाचा ओघळही होता, त्यामुळे त्याचं चूक नव्हतं. पण हाताने दाबण्याची ही परीक्षा पूर्ण मेलेला शॉकअप पकडते, अर्धमेला नाही. आणि गाडी ढिली आणि दगड दोन्ही का, याचं उत्तर तिच्यात नव्हतं.

मी आठवडा मागितला. डॉक्टर नाराज झाले, कारण संच सवलतीत होता आणि सवलत शनिवारी संपत होती. इथे मी थोडा हट्ट केला.

मोजमाप काय, तर टेप, टॉर्च आणि चार केबल टाय. सपाट फरशीवर गाडी उभी करून टायरमधली हवा पुस्तकाप्रमाणे भरली आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कमानीपर्यंतचं अंतर चारही बाजूंनी घेतलं. निर्मात्याच्या वर्कशॉप पुस्तिकेतल्या उंचीशी ताडून पाहिलं तर गाडी पुढे २९ आणि मागे २६ मिलिमीटर खाली होती. अकरा वर्षांत स्प्रिंग थोडी बसते, पण इतकी नाही. चाक काढून स्ट्रटवरचा चिखल धुतला. स्प्रिंग मूळची नव्हतीच. वरच्या वेढ्यावर मूळ रंगाच्या ठिपक्यांऐवजी दुसऱ्याच कुणाचा नंबर होता. आधीच्या मालकाने कधीतरी गाडी खाली घेणाऱ्या आखूड स्प्रिंग घातल्या होत्या, आणि शॉकअप मूळचेच ठेवले होते. विकताना सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. तीन वर्षं ते ज्या गाडीला कंपनीची समजून "ढिली" म्हणत होते, ती आधीच कुणीतरी "सुधारलेली" होती.

मग केबल टाय. रबराचा बूट वर सरकवून शॉकअपच्या चकचकीत दांड्याला एक टाय सैलसर बांधला आणि तळाशी सरकवून ठेवला. गाडी चालते तसा टाय दांड्यावर वर ढकलला जातो आणि जास्तीत जास्त जिथवर गेला तिथे थांबतो. चोर्ल्याची एक नेहमीची फेरी, नेहमीच्याच वेगाने. परत आल्यावर चारही टाय बंप स्टॉपच्या रबराला, म्हणजे शॉकअप पूर्ण दबला की ज्यावर टेकतो त्या उशीला, चिकटलेले. उभ्या गाडीत दांड्याची रबरापर्यंतची मोकळी जागा मागच्या बाजूला २० मिलिमीटर होती. मूळ उंचीला ती साधारण ५० असायला हवी होती.

व्हील अलाइनमेंटच्या यंत्रावर मागचा कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल, उणे २ अंश ४० मिनिटं निघाला. स्ट्रटची गाडी खाली घेतली की चाक आतल्या बाजूला कलतं. टायरची आतली कड का झिजत होती ते इथे कळलं.

हिशेब

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी वाचा, कारण पुढचा सगळा निर्णय यावर उभा आहे.

एका मागच्या चाकावर स्प्रिंगने तोललेलं वजन ३०० किलो धरू. मूळ स्प्रिंगचा कडकपणा चाकाशी २५ न्यूटन प्रति मिलिमीटर धरू, म्हणजे एक मिलिमीटर दाबायला साधारण अडीच किलो. हे सोयीसाठी घेतलेले गोल आकडे आहेत. स्प्रिंग एखाद्या धक्क्याची किती ऊर्जा पोटात घेते, ते सूत्र शाळेतलंच: अर्धा गुणिले कडकपणा गुणिले दबलेल्या अंतराचा वर्ग. मूळ गाडीत रबर लागायच्या आत ५० मिलिमीटर मिळतात, तर ३१ ज्यूल. आता गाडी ३० मिलिमीटर खाली घेतली आणि स्प्रिंग २० टक्के कडक केली. अंतर उरलं २० मिलिमीटर, कडकपणा ३०. उत्तर येतं ६ ज्यूल. पाचवा हिस्सा.

अंतराचा वर्ग होतो, कडकपणाचा होत नाही. खाली घेऊन गमावलेलं कडक स्प्रिंगने भरून काढायचं म्हटलं तर २० मिलिमीटरमध्ये ३१ ज्यूल घेणारी स्प्रिंग मूळच्या सहापट कडक लागेल. ती गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी उरणार नाही.

आजच्या गाड्यांत बंप स्टॉपचं रबर हीसुद्धा मुद्दाम आखलेली दुसरी स्प्रिंगच असते, त्यामुळे ती लागणं हा गुन्हा नाही. गुन्हा कधी लागते यात आहे. चोर्ल्यात उजव्या वळणावर गाडी डावीकडे कलते, मागचं डावं चाक १५ ते २० मिलिमीटर वर दबतं. म्हणजे वळणात शिरतानाच ते रबरावर टेकलेलं. त्या क्षणी त्या चाकाची स्प्रिंग जवळपास दगडाची होते. त्यात ठिगळ आलं की चाकाला वर जायला वाव नाही, मग अख्खी गाडीच वर उचलली जाते आणि टायर डांबर सोडतो. डॉक्टरांची "उडी" ती हीच.

आणि ढिलेपणा? स्प्रिंग २० टक्के कडक केली पण शॉकअप तोच ठेवला, तर तो तिला आवरायला तुलनेने ९ टक्के कमी पडतो (कडकपणाच्या वर्गमुळाचा हिशेब आहे). त्यात शॉकअप ६२,००० किलोमीटर चाललेले, एक तर गळका. म्हणून रबरावर आपटून वर आलेली गाडी लगेच थांबत नव्हती, डोलत राहायची. आईंना आपटणं जाणवत होतं, डॉक्टरांना डोलणं.

पर्याय

डॉक्टरांच्या जेवणाच्या टेबलावर चार पर्याय मांडले. आईही बसल्या होत्या, त्यांच्या कंबरेचा प्रश्न होता.

पहिला, सगळं मूळ: कंपनीच्या स्प्रिंग आणि मूळच्या जोडीचे शॉकअप, बिलस्टाइन या जर्मन शॉकअप कंपनीच्या भाषेत बी४. सगळ्यात मऊ, सगळ्यात निर्धोक. डॉक्टरांनी नाक मुरडलं. इतका खर्च करून गाडी होती तशीच? मी म्हटलं, होती तशी तुम्ही तिला कधी चालवलेलीच नाही. पण घाटाच्या दृष्टीने त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं.

दुसरा, मूळ उंचीच्या स्प्रिंग आणि जास्त पकड असलेले शॉकअप. बिलस्टाइनचा बी६ या वर्गातला, कोनीचे पिळून घट्ट-सैल करायचे शॉकअपही. बी६ एकनळी असतो: तेल आणि दाबाखालचा नायट्रोजन यांच्यामध्ये तरंगता पिस्टन. गॅसच्या दाबामुळे तेलात फेस धरत नाही, आणि नळी थेट हवेला लागून असल्याने उष्णता लवकर बाहेर जाते. लांब घाटात ह्याचा उपयोग होतो. कल्पना मूळची द कार्बन या फ्रेंच अभियंत्याची. बिलस्टाइनने ती उचलली आणि १९५७ मध्ये मर्सिडीजच्या गाड्यांत आणली.

तिसरा, थोड्या आखूड स्प्रिंग आणि त्यांच्यासाठीच कमी लांबीचे केलेले शॉकअप, म्हणजे बी८. आधीच्या मालकाने आखूड स्प्रिंग घेतली आणि हा दुसरा अर्धा भाग सोडून दिला. जर्मन रस्त्यांवर हा पर्याय शोभतो.

चौथा, डॉक्टरांचा लाडका कॉइलओव्हर. उंची मनासारखी ठेवता येते, हे खरं. पण आलेल्या कोटेशनप्रमाणे दुसऱ्या पर्यायाच्या जवळपास दुप्पट खर्च. आणि आमच्याकडची हवा. समुद्र हाकेच्या अंतरावर, चार महिने पाऊस, घाटात लाल चिखल. उंची बदलायचे आटे दोन पावसाळ्यांत असे धरतात की पान्याला दाद देत नाहीत. दरवर्षी खोलून, धुऊन, ग्रीस लावणारा मालक असेल तर गोष्ट वेगळी. डॉक्टरांनी प्रामाणिकपणे मान हलवली, ते तो मालक नव्हते.

कागदोपत्री बाजूही होती. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील निर्मात्याने मूळ दिलेल्या तपशिलांहून वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. मूळ उंचीला, मूळ मापाचे भाग घालण्यात तो वाद उद्भवतच नाही. तरी विमा कंपनीला भागांच्या पावत्यांसह पत्र द्यायला सांगितलं आणि त्यांनी ते दिलं.

दुसरा निर्णय: फेरीने दिलेला कौल

माझा हिशेब डॉक्टरांनी ऐकून घेतला, पण पटला नव्हता. माणूस आकड्याने हरतो, मन हरत नाही. त्यांना गाडी खालीच हवी होती.

निर्णय झाला तो जुन्या गोव्याच्या धक्क्यावर. ओहोटीची वेळ पाहून आम्ही दिवाडीच्या फेरीला गेलो. ओहोटीला फेरी धक्क्याच्या उताराच्या पार खालच्या टोकाला लागते. गाडी उतारावरून नाक खाली करून येते आणि पुढे फेरीची लोखंडी फळी उलट्या कोनात उभी असते. त्या बेचक्यात पुढचा ओठ अडकतो. मी खाली बसून पाहिलं तर ओठ फळीवर घासत होता, जवळजवळ बोटभर. तिथल्या खलाशाने लाकडाच्या दोन फळ्या काढून चाकांखाली दिल्या, सराईतपणे. डॉक्टर म्हणाले, "दर वेळी हाच देतो."

मी विचारलं, "आणखी २० मिलिमीटर खाली घेतल्यावर किती फळ्या लागतील?"

परतीच्या फेरीत त्यांनी दुसऱ्या पर्यायाला होकार दिला. घाट सुटला असता, दिवाडी सुटणं त्यांना जमलं नसतं.

मला त्यातली एक गोष्ट अजून खटकते. मी सुरुवातच धक्क्यावरून करायला हवी होती. आधी कागद काढले आणि एक आठवडा वाद घातला.

भाग मागवणं

मूळ स्प्रिंग एकाच प्रकारच्या नसतात. गाडीत एसी, मोठी चाकं, गिअरबॉक्स कोणता यावर वजन बदलतं आणि त्याप्रमाणे स्प्रिंगचा प्रकार ठरतो. ओळख रंगाच्या ठिपक्यांची. आमच्या गाडीवरचे ठिपके तर गेलेलेच, म्हणून चॅसी क्रमांकावरून अधिकृत विक्रेत्याकडून प्रकार काढून घेतला. स्प्रिंग यायला सात आठवडे लागले. शॉकअप मुंबईच्या वितरकाकडून पावतीसह घेतले. निम्म्या किमतीत मिळणारे "तसेच" डबे टाळले. या धंद्यात नकली माल भरपूर आहे.

यादीत बंप स्टॉप, धुळीचे बूट आणि एकदाच वापरायचे नट होते. स्ट्रटच्या वरचं माउंटिंग मी यादीतून काढलं. हाताने फिरवून पाहिलं, खरखर नव्हती, रबर फाटलेलं नव्हतं. चार माउंटिंगचे पैसे वाचतील असं वाटलं. हे पुढे येतं.

काम

मेच्या पहिल्या आठवड्यात गाडी लिफ्टवर चढली. मेस्तकडे स्प्रिंग दाबायचे दोन हुक होते, जुने, आटे झिजलेले. मी ते वापरू दिले नाहीत. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जातो. भिंतीला बसवलेला स्प्रिंग दाबायचा कॉम्प्रेसर पर्वरीतल्या एका गॅरेजमध्ये होता, स्ट्रट तिकडे नेऊन तयार करून आणले. अर्धा दिवस गेला, जाऊ दे.

वरचा नट काढताना मेस्तचा हात हवेच्या गनकडे गेला. जुन्या स्ट्रटला चालेल म्हटलं, नव्याला अजिबात नाही. गनने नट फिरवला की दांडाही गरगर फिरतो आणि आतलं सील पहिल्याच दिवशी मार खातं. दांडा ॲलन कीने धरायचा आणि नट पान्याने घट्ट करायचा.

दुसऱ्यांदा थांबवलं ते बंप स्टॉपवर. नव्या स्ट्रटच्या माहितीपत्रकात स्वच्छ लिहिलं होतं की स्टॉप आतच बसवलेला आहे, बाहेरचा घालू नका. मेस्तने आणलेला नवा रबर सवयीने ओवायला घेतला होता. तो घातला असता तर ज्या तीन सेंटिमीटरसाठी एवढा खटाटोप केला तेच पुन्हा गेले असते. म्हणजे मागवलेल्या यादीतले चार बंप स्टॉप फुकट गेले. पत्रक आधी वाचायचं, मागवायच्या आधी. तेही मीच विसरलो होतो.

काय चुकलं

गाडी खाली उतरवली आणि मोजली. पुस्तिकेपेक्षा १४ मिलिमीटर उंच. मी म्हणालो, गॅसचा दाब दांड्याला बाहेर ढकलतो, त्याने काही मिलिमीटर वाढतात, शिवाय नवी स्प्रिंग अजून बसलेली नाही. दोन्ही विधानं खरी. त्यामुळेच पुढे शोधावंसं वाटलं नाही. व्हील अलाइनमेंट करून गाडी दिली.

चारशे किलोमीटर झाले तरी ११ मिलिमीटर उंचच. आणि दंतवैद्यांच्या कानाला आणखी काहीतरी लागलं: पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढून टक्-टक्.

आवाज माउंटिंगचा होता. हाताने फिरवल्यावर गुळगुळीत वाटलेलं बेअरिंग तीनशे किलोच्या भाराखाली अडकत होतं. स्प्रिंग पिळली जाई आणि मग झटक्याने सुटे. चारही स्ट्रट पुन्हा खोलले, चारही माउंटिंग नवी घातली. निर्णय माझा होता, दुसऱ्यांदाची मजुरी डॉक्टरांनी भरली. मेस्तने अर्धी घेतली नाही, हे त्याचं मोठेपण.

उंचीचं कारण खोलताना सापडलं. मेस्तने चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या आर्मचे बोल्ट गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असताना, घट्ट केले होते. आर्मच्या बुशचं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. लोंबकळत्या स्थितीत बोल्ट आवळला की तीच स्थिती त्याला "सरळ" वाटू लागते. गाडी खाली ठेवल्यावर ते पिळलं जातं आणि छोट्या स्प्रिंगसारखं गाडी वर ढकलत राहतं. वर्षभरात फाटतंही. रॅम्पवर गाडी चाकांवर उभी करून बोल्ट सैल केले, पुढे-मागे ढकलली आणि ठरलेल्या टॉर्कने पुन्हा आवळले. ७ मिलिमीटर तिथल्या तिथे उतरले. उरलेले ४ गॅसचे, ते राहू दिले. अलाइनमेंट पुन्हा करावी लागली.

ही चूक मी वर्गात फळ्यावर लिहून शिकवायचो. मेस्तला मी त्याची आठवण करून दिली तर तो म्हणाला, "सर, तुमी थंयच उबे आशिल्ले." खरं होतं. मी तिथेच उभा होतो, आणि कॉम्प्रेसर-गनच्या मोठ्या धोक्यांवर लक्ष असल्याने हे निसटलं.

निकाल

पाऊस सुरू झाल्यावर खरी परीक्षा झाली. तीच चोर्ल्याची फेरी, तोच वेग, दांड्याला टाय. सगळ्यात जास्त दबलेल्या चाकाने मोकळ्या ५० पैकी ३४ मिलिमीटर वापरले. ठिगळाच्या वळणावर गाडी हलते, पण रेषा सोडत नाही. मोकळी जागा पूर्ण संपली ती एकदाच, दुसऱ्या एका फेरीत, अस्नोड्याजवळ रंग उडालेल्या गतिरोधकावर, डॉक्टर बेसावध असताना. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गोल गतिरोधक १० सेंटिमीटर उंच पण ३.७ मीटर रुंद असतो, ताशी २५ किलोमीटरला सहज ओलांडता येण्याजोगा. गावात जे असतात ते उंचीला तेवढेच आणि रुंदीला चौकटीएवढे. त्यावर कोणताही शॉकअप काय करणार!

मागचा कॅम्बर उणे १ अंश ३५ मिनिटांवर आला. त्याच वेळी मागचे टायर नवे घातले होते. पाच हजार किलोमीटरनंतर आतल्या आणि बाहेरच्या कडेच्या खाचांत ०.४ मिलिमीटरचा फरक निघाला. काढलेल्या जोडीत तो २.१ होता. ओहोटीची फेरी फळ्यांशिवाय पार पडली, खलाशाने हात हलवून दाद दिली.

तोट्याचं खातंही आहे. म्हापशाच्या बाजारातल्या संथ रस्त्यावर बारीक सांधे आधीपेक्षा जास्त कळतात. एकनळी शॉकअपचा हा स्वभाव आहे. आणि दिसण्याचं म्हणाल तर डॉक्टरांचा एक मित्र म्हणाला की पावसात धोतर वर खोचलेल्या माणसासारखी दिसते गाडी. हे डॉक्टरांना लागलं. अजून लागतं.

आईंचा अभिप्राय मी मंगेशीच्या फेरीनंतर विचारला. "पोटातलं पाणी हलतं अजून," त्या म्हणाल्या, "पण सांडत नाही."

वेगळं काय करता आलं असतं

गाडी विकत घेतानाच कमानीची उंची मोजली असती तर मुंबईतच कळलं असतं, आणि किमतीतून तेवढे पैसे कापून घेता आले असते. टेप घेऊन जायला काही लागत नाही.

माउंटिंग एवढ्या वयाच्या गाडीत न विचारता बदलावीत. मजुरी भागापेक्षा महाग असते तिथे भागाची काटकसर करायची नसते, हे मला सत्तर गाड्यांनंतरही पुन्हा शिकावं लागलं. उंचीच्या बाबतीत सोपं उत्तर हाताशी होतं म्हणून मी ते घेतलं. पहिल्या अलाइनमेंटआधी बोल्ट सैल करून बघायला अर्धा तास लागला असता.

शॉकअपच्या निवडीबद्दल मात्र माझं मन अजून दोन्हीकडे आहे. गाडी फक्त म्हापसा ते मंगेशी जात असती तर मी बी४ घातला असता आणि आईंच्या पोटातलं पाणी हललंही नसतं. घाटासाठी बी६ बरोबर. महिन्यातून चार रविवार घाट आणि एक फेरी देवळाची, असं मोजलं तर घाट जिंकतो. पण त्या एका फेरीत बसणाऱ्या बाई त्र्याहत्तर वर्षांच्या आहेत, हे मोजमापात कुठे धरायचं ते मला ठरवता आलं नाही. डॉक्टरांनी ते आईंनाच विचारलं होतं आणि त्या म्हणाल्या होत्या, "तुझी गाडी आहे, तुझ्या मनासारखं कर." आपल्याकडे आई हे वाक्य म्हणते तेव्हा त्याचा अर्थ काय घ्यायचा, ते डॉक्टर जाणोत.

आता डॉक्टर जाड अँटिरोल बारबद्दल, म्हणजे वळणात गाडीचं कलणं कमी करणाऱ्या दांड्याबद्दल, विचारताहेत. मी त्यांना आणखी एक पावसाळा थांबायला सांगितलं आहे. काढलेल्या आखूड स्प्रिंग मेस्तच्या गॅरेजात खुंटीला टांगलेल्या आहेत. दोन गिऱ्हाइकांनी किंमत विचारली, त्याने अजून दिलेल्या नाहीत.